वरची खोली रंगवायला काढली आहे

३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. इथवर वाचलंस म्हणजे युक्ती चालली.

चार वर्षं झाली. बाबा गेले त्या दिवशी दारात उभी राहून तू जे बोललीस ते तुलाही पाठ असेल, मलाही आहे. परत लिहीत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू भराभर बोलतेस, मी गप्प होते, आणि मी गप्प झाले की तुला वाटतं मी रुसले.

मला तुला भेटायचंय. तीन दिवस. तुझ्या घरी मी यायची नाही, आणि माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही असं तू सांगूनच गेली आहेस. तेव्हा ना तुझं ना माझं, मधल्या एखाद्या गावात राहू. हॉटेल नको. तिथे माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभी राहतात. कुणाच्या तरी घरातली एक खोली आणि सकाळी त्याच घरातली न्याहारी, असं असतं ना हल्ली, तसं बघ. निवड तू कर. तुला निवडायला आवडतं.

एक गोष्ट सांगायची आहे. बाबांची. ती कागदावर लिहायची नाही, तोंडाने सांगायची आहे.

नोव्हेंबरात जमव. त्याहून उशीर नको.

तुझी
ताई

ता. क. वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम अजून तेच. आता बसून करते एवढंच.

*

१२ सप्टेंबर

ताई,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही, त्याचा राग मानू नकोस. पाकीट फोडलं, हेच खूप समज.

बाबांची कुठली गोष्ट उरली आहे? रोज सकाळी मी दहाला यायचे, दोन खुर्च्यांच्या मधे त्यांना बारा पावलं चालवायचे. मग एके दिवशी आले तर त्यांची काठी कपाटावर चढवलेली, आणि तू दारात: “आजपासून चालणं बंद.” माझा धंदाच लोकांना परत उभं करायचा आहे, ताई. दिवसाला अकरा पेशंट. त्यातले निम्मे बाबांपेक्षा वाईट अवस्थेत येतात आणि चालत घरी जातात. असो. भेटू तेव्हा भांडू.

जागा बघितल्या. एक टेकडीवर आहे. म्हातारं जोडपं चालवतं, बत्तीस पायऱ्या चढून गेलं की गच्चीत न्याहारी मिळते. दुसरी एका बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. पहाटे पावाच्या वासाने जाग येते असं लिहिलंय. तिसरी तळ्याकाठी, जमिनीलगतच्या बैठ्या खाटा, पाय खाली सोडले की पाणी. मला तिसरी आवडली. तू सांग.

भिंगरी

*

२० सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तिन्ही छान आहेत. पण बत्तीस पायऱ्या नकोत गं. बेकरीवाल्याकडे खाली एखादी खोली आहे का, विचारशील? तळ्याकाठच्या खाटा फार बुटक्या, त्यावरून उठताना माझी तारांबळ उडेल. न्हाणीघराला उंबरठा नसला तर बरं. आणि बसायला हात असलेली खुर्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं. हस. एक्कावन्नाची झाले आता.

बाकी तू म्हणशील ते.

ताई

*

२७ सप्टेंबर

ताई,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ‘बाकी तू म्हणशील ते’ म्हणे. बाकी काय ठेवलंस? खाट उंच पाहिजे, उंबरठा नको, खुर्चीला हात पाहिजेत. राणीसाहेबांना पालखी पाठवू का? लहानपणीही तू असंच करायचीस. “तू निवड” म्हणायचीस आणि मी निवडलेल्या गोष्टीला नाक मुरडायचीस. यायचं नसेल तर तसं सरळ लिही.

आता मी विचारत नाही, कळवते. नदीकाठी एक घर आहे, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या चालवतात. त्यांच्याकडे फोन नाही. पत्र लिहायचं, त्या अक्षर बघून पाहुणा पसंत करतात. माझं अक्षर बघूनही हो म्हणाल्या, म्हणजे पाहुण्यांची टंचाई असणार. वरची खोली घेतली आहे. तिला नदीकडची मोठी खिडकी आहे. १४ नोव्हेंबर ते १७. घराचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

एकदा तरी माझं ऐक.

भिंगरी

*

२ ऑक्टोबर

नदीकाठच्या घराच्या मालकीणबाईंस,

नमस्कार. तुमच्याकडे १४ नोव्हेंबरसाठी वरची खोली घेतलेल्या बाईंची मी थोरली बहीण.

मला जिना चढवत नाही. गेल्या वर्षापासून पायांतलं बळ जात चाललंय. डॉक्टर म्हणाले, ते वर वर सरकत जाईल. आधी हात, मग जीभ. औषध नाही. हे माझ्या बहिणीला ठाऊक नाही आणि इतक्यात कळायला नको आहे. ती लोकांना व्यायाम देऊन चालतं करते, तेच तिचं काम. तिला कळलं तर पहिल्या मिनिटाला माझा गुडघा हातात घेईल आणि तीन दिवस मी तिची पेशंट होईन. मला तीन दिवस तिची बहीण व्हायचंय. जाताना मीच सांगेन.

तेव्हा खालची खोली मिळेल का? आणि तिला कारण म्हणून, वरचं छत गळतंय असं कळवाल का?

तुम्हाला खोटं बोलायला लावते आहे, क्षमा करा.

*

९ ऑक्टोबर

बाई,

तुमच्या अक्षराला दहापैकी नऊ मार्क दिले. एक खोटं बोलायला सांगितलंत म्हणून कापला.

माझं छत गळत नाही. तीस वर्षं वर्गात उभं राहून मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता या वयात जिभेला नवी सवय लागायची नाही. म्हणून येत्या सोमवारपासून मी वरची खोली खरोखरच रंगवायला काढते आहे. रंगारी म्हणाला, “भिंती चांगल्या आहेत की.” मी म्हटलं, “तुला भिंतीचं मत विचारलं का?” तो हळू काम करतो. नोव्हेंबर त्यात सहज निघेल.

खालची खोली माझ्या सासूबाईंची होती. त्या नऊ वर्षं तिथे आजारी होत्या, त्यामुळे भिंतीला धरायला दांडी आहे, न्हाणीघराला उंबरठा नाही, खाट उंच आहे. हात असलेली खुर्चीही आहे.

एक नियम मात्र तुमच्यासाठीही मोडणार नाही. न्याहारी आठ वाजता, सगळ्यांनी एकाच टेबलाशी. मी कुणाच्याही खोलीत ताट पोचवत नाही. आजाऱ्याच्या नाही आणि नव्या नवराबायकोच्याही नाही. खोलीत एकटा खाणारा माणूस पाहुणा राहत नाही, भाडेकरू होतो. तुमच्या दारापासून टेबल चौदा पावलं आहे, मी मोजून पाहिलं. मधे एक खुर्ची ठेवेन.

बहिणीला मी होऊन काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

नदीकाठच्या बाई

*

८ नोव्हेंबर

ताई,

त्या बाईंचं पत्र आलं. वरची खोली रंगवायला काढली आहे, खालची देते, तिथे खाट उंच आहे, न्हाणीघराला उंबरठा नाही, खुर्चीला हात आहेत. वाचता वाचताच मला शंका आली. मी उलट टपाली विचारलं, “माझ्या बहिणीने तुम्हाला लिहिलं होतं का?” त्यांनी एका शब्दात उत्तर पाठवलं. “हो.”

म्हणजे तेच. माझ्यासमोर ‘तू म्हणशील ते’ आणि पाठीमागे स्वतःला हवं तसं. काठी कपाटावर चढवलीस तेव्हाही मला आधी विचारलं नव्हतंस. मी दारात पोचल्यावर कळलं. मला वाटलं होतं चार वर्षांत तू बदलली असशील. निदान एवढं तरी म्हणशील, की भिंगरे, माझं चुकलं. मी खुळी.

मी येत नाही. त्या बाईंनाही कळवलंय. बाबांची जी गोष्ट असेल ती तुझ्याजवळ ठेव.

*

२२ नोव्हेंबर

बाई,

तुम्ही येणार नसल्याचं पत्र मला मिळालं होतं. तुमच्या बहिणीलाही मिळालं होतं. तरी त्या आल्या. तुमचं पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं. मला म्हणाल्या, “ती भिंगरी आहे. दोन गिरक्या घेईल आणि येईल.” तीन दिवस दोन माणसांची खोली त्यांनी तशीच ठेवली. खिडकीजवळची खाट तुमच्यासाठी सोडली, आपण दाराजवळच्या खाटेवर झोपल्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगू नका असं त्यांनी बजावलंय, आणि ती मी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, मी भूगोल शिकवायचे. माझ्या टेबलाशी बसलेल्या पाहुण्याबद्दल डोळ्यांना जे दिसलं तेवढंच लिहिते. तुम्ही रोज अकरा माणसं बघता असं त्या कौतुकाने सांगत होत्या, तेव्हा तुम्हाला यातून काय ते कळेल.

खोलीपासून टेबल चौदा पावलं. पहिल्या दिवशी त्यांना त्यासाठी सहा मिनिटं लागली. मधल्या खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या भिंतीवरच्या नकाशाचं कौतुक केलं. नकाशा जुना आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. उजवं पाऊल उचलताना बोटं जमिनीला घासतात, म्हणून त्या गुडघा जास्त वर घेतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. अंडं सोलायला त्यांनी माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, नखं कापली आहेत. दंड बारीक झालेत. आणि मला आलेल्या त्यांच्या दोन पत्रांत, ऑक्टोबरातल्या आणि घरी पोचल्याचं कळवणाऱ्या, अक्षराचा फार फरक आहे. पहिल्याला मी नऊ मार्क दिले होते.

रोज आठ वाजता त्या तुमच्या ताटासमोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी ती त्यांना ओढवली नाही. मग मी ओढली.

नदीकाठच्या बाई

*

२९ नोव्हेंबर

ताई,

नवा पेशंट आला की मी पहिल्या दिवशी चार प्रश्न विचारते. जिना चढता येतो का? खाटेवरून उठताना त्रास होतो का? उंबरठ्याला पाय अडतो का? खुर्चीला हात नसले तर उठता येतं का? कागदावर छापून घेतलेत. अठरा वर्षं विचारते आहे. तू त्या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच पत्रात लिहून पाठवलीस, आणि मी तुला पालखी पाठवू का म्हणून विचारलं.

मला ठाऊक आहे हे काय आहे. तू नाव लिहू नकोस, मीही लिहीत नाही.

हातातले पेशंट दुसऱ्याकडे सोपवून मी दहा तारखेला निघते. व्यायामाचा एक शब्द काढणार नाही. तुझ्या गुडघ्याकडे बघणारसुद्धा नाही. नुसती येऊन बसेन.

भिंगरी

*

४ डिसेंबर

भिंगरी,

हे शेजारीण लिहिते आहे, मी सांगते आहे.

दहा तारखेला निघू नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर. मी इस्पितळात आहे, छातीत कफ साठलाय. नाकात नळी आहे. मला असं बघू नकोस. हात जोडून सांगते. तू नळी बघशील, तक्ता वाचशील, नर्सशी भांडशील. बाबांच्या वेळी तू तेच केलंस.

मला तीन दिवस तुझ्याबरोबर टेबलाशी बसून न्याहारी करायची आहे. बाई म्हणाल्या, थंडीत त्या घर बंद ठेवतात, फेब्रुवारीच्या शेवटी उघडतील. तोवर मी बरी होते. तेवढा हट्ट पुरव. आजवर माझं एकही ऐकलं नाहीस, हे एक ऐक.

रागावले नाही. तुझ्यावर मी कधीच रागावले नव्हते. शेजारणीला हे लिहायला लाज वाटते आहे, पण लिही म्हटलंय मी.

ताई

*

४ मार्च

बाई,

त्या तीन दिवसांबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुम्ही मला पोचवायला फाटकाशी आलात तेव्हा मी घाईत निघाले, कारण थांबले असते तर रडले असते.

मी ताईचं ऐकलं होतं. डिसेंबरात गेले नाही, जानेवारीत गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं आणि तेच चुकलं. फेब्रुवारीत तुमच्या फाटकाशी तिला गाडीतून उतरवून घेतलं आणि ती काहीतरी बोलली. मला वाटलं तिच्या तोंडात घास आहे.

तुम्ही पाहिलंच. पहिले दोन दिवस आम्ही निभावलं. ती बोलायची, मी अंदाज करायचे. चुकीचा अंदाज केला की ती हसायची. तिने पाणी मागितलं आणि मी तिला शाल दिली, त्यावर तर आम्ही दोघी कितीतरी वेळ हसलो. तिच्या गुडघ्याला मी हात लावला नाही. शब्द दिला होता तो पाळला. तुम्हाला सांगते, माझे हात नुसते शिवशिवत होते.

तिसऱ्या दिवशी न्याहारीला बाकीचे पाहुणे उठून गेल्यावर तिने माझं मनगट धरलं. “बाबा” म्हणाली. तेवढं कळलं. पुढे ती बराच वेळ बोलत राहिली. मी कान जवळ नेला, ओठांकडे बघितलं, तीनदा विचारलं. तिने तीनदा सांगितलं. लिहून दे म्हणून कागद पुढे केला, तर पेन बोटांत राहीना. चौथ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि तिच्या कपाळावरचा घाम दिसला. मग मी मान हलवली. म्हटलं, “कळलं, ताई.” तिने डोळे मिटले. इतकी सुटल्यासारखी दिसली की काय सांगू.

मला एक अक्षर कळलं नव्हतं.

तुम्ही तेव्हा कपबश्या आवरत होतात. नोव्हेंबरात तीन दिवस ती तुमच्याकडे एकटी होती, तेव्हा तिची जीभ चालत होती. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारते. ती काय सांगत होती, तुम्हाला ठाऊक आहे का?

*

१० मार्च

बाई,

हो.

नोव्हेंबरात तिसऱ्या दिवशी, तुम्ही येत नाही हे त्यांना पटलं तेव्हा, त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणाल्या, “तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. पण एकदा कुणाला तरी मोठ्याने सांगून बघते, म्हणजे तिच्यासमोर अडखळणार नाही.” माझ्यावर सराव केला त्यांनी. फेब्रुवारीत टेबलाशी त्या तुम्हाला तेच सांगत होत्या. शब्द मलाही लागले नाहीत, पण कुठे थांबायचं ते तेच होतं. आता त्यांचं सांगून झालंय, म्हणजे माझं तोंड मोकळं झालं.

काठी तुमच्या वडिलांनीच उचलून ठेवायला सांगितली होती.

तुम्ही गेलात की ते दुपारभर दुखण्याने रडायचे. तुमच्यासमोर रडायचे नाहीत. तुम्ही बारा पावलं मोजताना तुमचा चेहरा जसा व्हायचा, तो बघून त्यांना नाही म्हणवत नव्हतं. एके दिवशी ताईंना म्हणाले, “मी दमलोय. मला चालायचं नाही. पण धाकटीला सांगू नकोस की मी हरलो. तिला वाटेल तिच्या हाताला यश नाही. तू बंद केलंस असं सांग. तुझ्यावर रागावली तर रागावू दे, तू थोरली आहेस, तू सोसशील.”

ताईंनी सोसलं. मी त्यांना विचारलं, मग आता का सांगता? त्यावर म्हणाल्या, “मी गेल्यावर ती माझ्यासाठी रडेल. त्या रडण्यात राग मिसळलेला नको. रागाने रडलं की डोकं दुखतं तिचं, लहानपणापासून.”

एवढंच होतं. माझ्याकडून एक शब्दही वाढवलेला नाही.

नदीकाठच्या बाई

*

१८ मार्च

प्रिय ताई,

हे शेजारणीला वाचून दाखवायला सांग. आणि त्यांना सांग, मधेच रडू आलं तर थांबा, पण सगळं वाचा.

त्या दिवशी टेबलाशी मी ‘कळलं’ म्हणाले ते खोटं होतं. मला काही कळलं नव्हतं. तुझा घाम बघवेना म्हणून मान हलवली. बाबाही माझ्यासमोर तसंच करत असतील, नाही का? माझा चेहरा बघवेना म्हणून पावलं टाकत असतील. मी मोठ्याने आकडे मोजायचे आणि मला वाटायचं ते सुधारतायत.

आता कळलं. बाईंनी लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच विचारलं आणि त्यांना खोटं बोलता येत नाही.

चार दिवस मी कामावर गेले नाही. पहिला दिवस तुझ्यावर रागावण्यात गेला, बघ, सवय जात नाही. एवढं सोसायला तुला कुणी सांगितलं होतं? मग आठवलं, बाबांनीच. मग त्यांच्यावर रागावले. आणि मग रागवायला कुणी उरलं नाही. काल सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. डोकं दुखलं नाही, ताई.

तुझं चुकलं असं मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. माझं चुकलं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार आहे, पण कुणास ठाऊक ऐनवेळी मीच अडखळेन, म्हणून आधी लिहून ठेवते.

रविवारी दुपारच्या गाडीने येते. त्या नदीकाठी नाही, तुझ्या घरी. दवाखान्यातली जागा मी दुसऱ्या मुलीला दिली आहे, त्यामुळे परत कधी जायचं ते ठरलेलं नाही. तुझ्या खोलीत एक गादी टाकायला सांग, मी जमिनीवर झोपेन. तुला पाणी भरवायला, कूस बदलायला मला येतं, ते मला चांगलं येतं. तुला चालवणार नाही. तुला उभं राहायचं नसेल तर मान हलव, मी बसेन तुझ्याजवळ. एवढंच कर, मला बरं वाटावं म्हणून खोटी मान हलवू नकोस. आपल्या घरात तेवढं आता पुरे झालं.

उत्तर पाठवू नकोस. शेजारणींना म्हणावं, रविवारी दार नुसतं लोटून ठेवा.

तुझी
भिंगरी